काटोलहून निघताना: आधी इंजेक्शन की थेट नागपूर?

तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. हा लकवा मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्याचा असेल, तर घरच्यांपुढे दोन वाटा असतात: जवळच्या सीटी असलेल्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन पुढे निघायचं, की थेट नागपूरची कॅथलॅब, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढण्याची खोली, गाठायची. काटोल-नागपूर साठेक किलोमीटर, म्हणजे भांडण तासाभराचं आहे.

इंजेक्शनची मुदत साडेचार तास, तीही माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला, तर घड्याळ रात्री झोपतानापासून धरतात. इंजेक्शनची औषधं दोन. अल्टेप्लेज वजनाच्या किलोमागे 0.9 मिलिग्रॅम: 60 किलोच्या माणसाला 54, त्यातलं 5.4 लगेच, उरलेलं तासभर पंपावर. टेनेक्टेप्लेज किलोमागे 0.25, म्हणजे 15 मिलिग्रॅम एकदम. गाडी हलवायची असेल तर हे सोयीचं, पंप सांभाळावा लागत नाही. पण मानेतून वर जाणाऱ्या कॅरोटिड या रक्तवाहिनीच्या टोकाशी बसलेली लांब गुठळी इंजेक्शनला क्वचितच दाद देते.

तिथे थ्रोम्बेक्टॉमी, म्हणजे गुठळी ओढून काढणं. जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) मेंदूपर्यंत नेतात, बारीक तार गुठळीच्या पलीकडे सरकवतात, जाळीदार स्टेंट गुठळीत उघडून तीन-पाच मिनिटं थांबतात आणि मागून शोषण लावत तो ओढून घेतात. कधी नुसत्या शोषणानेही गुठळी निघते. जाळी की शोषण, हे डॉक्टरांवर सोडा. या प्रक्रियेच्या 2015 च्या पाच चाचण्यांचे 1287 रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा प्रक्रिया झालेल्यांत तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करणारे 46 टक्के निघाले. प्रक्रिया न झालेल्यांत 26.5. प्रक्रिया सहा तासांत उत्तम, निवडक रुग्णांत स्कॅन पाहून 24 तासांपर्यंत. बिघडतं तेही सांगायला हवं: तारेने वाहिनी फाटते, गुठळीचा तुकडा पुढे जाऊन दुसरी फांदी बंद करतो. आपल्याकडे मेंदूतल्याच वाहिन्या चरबीने अरुंद झालेले रुग्ण बरेच. त्यांच्यात उघडलेली वाहिनी काही मिनिटांत पुन्हा मिटते, मग फुगा किंवा कायमचा स्टेंट लागतो. खाजगीत बिल लाखांत जातं.

आमचं मत: जवळच्या दवाखान्यात सीटी आत्ता चालू आहे आणि इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे, हे फोनवर कळलं तर तिथे थांबा. पण ॲम्ब्युलन्स सोडू नका. ‘इंजेक्शनचा गुण पाहू’ म्हणून तासभर बसणं हीच सगळ्यात महाग चूक. नुसतं सीटी असेल, रक्त पातळ करणारी गोळी (वॉरफरिनसारखी, नुसती ॲस्पिरिन नव्हे) चालू असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल किंवा साडेचार तास उलटले असतील, तर थांबू नका, थेट नागपूर. नजर एकाच बाजूला खिळलेली आणि अर्धं अंग पूर्ण गळालेलं असेल तर मोठी वाहिनी बंद असण्याचा संशय दाट. नागपूरच्या दवाखान्याला तेव्हाच फोन लावा. ‘कॅथलॅब आहे का’ एवढंच विचारू नका, ‘मेंदूतली गुठळी काढणारा डॉक्टर आज रात्री येतो का’ हे विचारा.

वाटेत पाणी पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. जिभेखाली बीपीची गोळी नको. सीटीआधी ॲस्पिरिनही नको, कारण लकवा रक्तस्रावाचाही असतो.

सोबत सीटीची सीडी, इंजेक्शन दिल्याची वेळ लिहिलेला कागद, चालू गोळ्यांची पाकिटं. आणि सही करू शकणारा नातेवाईक ॲम्ब्युलन्समध्येच बसवा, मागून मोटरसायकलने येणारा नको.