४४,५०० रुपयांत विकत घेतलेला दिलासा (ओसीडी असेल तर आधी हे वाचा)

मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार डोक्यात घुसतात आणि ते शमवायला तेच तेच तपासणं, धुणं, विचारणं सुटत नाही. तो बरा करतो म्हणणाऱ्या एकाच्या पायी एकूण ४४,५०० रुपये गेले. १२ सत्रांचं पॅकेज ४२,०००चं, 'आजच्या आज भरलंत तर' ३८,५००, वर व्हॉट्सॲप सपोर्टचे ६,०००. आधी ५,०००, मग २०,०००, मग १९,५००, सगळं यूपीआयने. पावतीवर तळाला बारीक अक्षरात 'रक्कम परत मिळणार नाही'. असली पॅकेजं कशी गळ्यात मारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, उगाळत नाही. लाज याची वाटते की ओसीडीला कुठली थेरपी लागते हे मला पक्कं माहीत होतं.

लागते ती ईआरपी, म्हणजे भीतीला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची सक्तीची कृती करायची नाही. भीतीची शिडी करायची, प्रत्येक पायरीला ० ते १०० गुण द्यायचे आणि मधल्या, झेपेल अशा पायरीपासून सुरुवात करायची. दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात धुवायचे नाहीत. जीव कासावीस होतो, होऊ द्यायचा. आठवड्याला एक सत्र, साधारण १२ ते २० सत्रं, रोज घरचा अभ्यास. सुरुवातीला वाय-बॉक्सचे (ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणारी चाचणी) १० प्रश्न, ४०पैकी गुण, आणि अधूनमधून तीच मोजणी पुन्हा. आकडा उतरत नसेल तर पद्धत बदला किंवा माणूस बदला.

मला मिळालं डोळे मिटून 'सबकॉन्शस क्लिअरिंग', म्हणे अंतर्मनाची सफाई. मोजणी एकदाही नाही.

पण खरं कळायला हवं होतं ते व्हॉट्सॲपवर. "गॅस बंद केलाय ना मी?" असं विचारलं की दोन मिनिटांत उत्तर यायचं, "हो, नक्की केलाय, निश्चिंत राहा." हा बाबा माझ्या स्वयंपाकघरात उभा होता का? खात्री मागणं हाच तर ओसीडीचा सक्तीचा विधी. खात्री मिळाली की घटकाभर बरं वाटतं, आणि विचारल्याशिवाय सुटका नाही हे डोक्यात आणखी घट्ट बसतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला ४ मेसेज होते, तिसऱ्यात ३०. फोनवर डोळ्यांसमोर होते, आणि मी त्याला 'केअरिंग' म्हणत होते! ६,००० रुपये मोजून आजारालाच खुराक. जाणकार थेरपिस्ट म्हणाला असता, "बंद असेल, नसेलही. न तपासता झोपा."

मूर्ख म्हणायचं तर म्हणा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली होती. रात्री दोनपर्यंत नळाखाली हात धरून उभं राहा, मग मला अक्कल शिकवा. (त्या रात्रींसाठी १४४१६ होता. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीतही. तेव्हा सुचलंच नाही.)

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणाले, पैसे तुम्हीच दिलेत, यात गुन्हा कसला? एका कार्यालयात सांगितलं, तो डॉक्टर नाही, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यात म्हणाले, तो आमच्याकडे नोंदलेला नाही, आम्ही काय करणार? म्हणजे नोंदणी केलेल्याने चूक केली तर चौकशी, आणि न करणाऱ्याला रान मोकळं! तीन हेलपाटे, दोन अर्ज, पोच एकाचीच.

आता जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षं. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, समोरचा मेसेज पुसून टाकायच्या आत.

स्वतःला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवतो? भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, ऑनलाइन पडताळा. समुपदेशकाकडे तो बहुधा नसतो, म्हणून तो भोंदू ठरत नाही. त्याला पदवी, प्रशिक्षण आणि त्याच्या कामावर देखरेख कोणाची हे विचारा. घरातलं माणूस गेल्याचं दुःख असेल तर चांगला समुपदेशक पुरेसा ठरू शकतो, ओसीडीला नुसतं मन मोकळं करून भागत नाही. औषधं फक्त डॉक्टर देतील, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ. पैसे दर सत्राचे द्या, आगाऊ बारा सत्रांचे कधीच नाही. आणि पहिल्याच फोनवर विचारा, "मी रात्री खात्री मागायला मेसेज केला तर काय कराल?" "लगेच उत्तर देऊ" म्हणाला की फोन ठेवा.