‘दुखवणे’ की ‘दुखावणे’? ऑनलाइन मोल्सवर्थ आणि दाते कोश वापरून बघताना

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–१९५०) दोन्ही फुकट चाळता येतात. लॉगिनची कटकट नाही. कुणाचं मन दुखावलं हे सांगायला नेमका शब्द कोणता, हे तपासायला यांच्याइतकं भरवशाचं साधन क्वचितच सापडेल. पण सरळ ‘दुखवणे’ टाइप केलंत तर हात हलवत परत याल. दोन्ही कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचे, त्यामुळे क्रियापदं ‘-णें’ अशी अनुस्वारासकट छापलेली, आणि ‘व’च्या जागी ‘वि’ही येतो. म्हणून फक्त ‘दुख’ टाका, सुरुवात जुळणारे शब्द मागवा आणि यादी खाली सरकवत जा.

अर्थ वाचण्याआधी व्याकरणाची खूण बघा. मोल्सवर्थमध्ये ‘व्ही आय’ म्हणजे अकर्मक, ‘व्ही सी’ म्हणजे सकर्मक, दात्यांकडे अक्रि. आणि सक्रि. सगळी मेख इथेच आहे. ‘तिने त्याला दुखवलं’ यात कर्ता उघड आहे. ‘तिच्या बोलण्याने तो दुखावला’ म्हटलं की दोष बोलण्यावर जातो, ती बाजूला राहते. जाहीर माफीनाम्यात ‘भावना दुखावल्या असतील तर’ हेच का येतं, ते यावरून कळेल! बोलताना ‘मी त्याला दुखावलं’ असंही सर्रास म्हणतात. ते चूक म्हणवत नाही, पण लिहिताना ‘दुखवलं’ जास्त नेटकं.

शरीराच्या बाबतीतही हा फरक टिकतो. ‘गुडघा दुखतो’ ही नुसती वेदना. ‘गुडघा दुखावला’ म्हणजे इजा झाली. खेळाच्या बातम्यांत हा दुसरा प्रयोग रोज दिसतो. अशा आजच्या वापरासाठी मात्र १८५७च्या कोशावर विसंबू नका.

छटांसाठी दाते उजवा, कारण अर्थ मराठीतच आहेत आणि जुन्या ग्रंथांतले दाखलेही मिळतात. ‘लागणे’, ‘बोचणे’, ‘खुपणे’, ‘डिवचणे’ एकेक करून उघडा. ‘डिवचणे’ मुद्दाम असतं, ‘लागणे’ नकळतही घडतं. भाषांतरात हे दोन हमखास एकमेकांच्या जागी बसतात. ‘जिव्हारी लागणे’ हवं असेल तर ‘लागणे’च्या लांबलचक नोंदीत शिरण्याऐवजी ‘जिव्हार’पासून सुरुवात करा.