मोनो आवाजाचं ५.१: रीपर आणि एफएफएमपेग, काही महिन्यांच्या वापरानंतर

अभिवाचनं, मुलाखती, कॅसेटवरून उतरवलेले जुने आवाज रीपर या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.१ साठी (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मांडायचे, फाइलचा प्रकार बदलणाऱ्या एफएफएमपेगने एसी-३ (डॉल्बी डिजिटल) करायचे आणि होम थिएटरवर ऐकायचे, असा हा वापर. मत आधीच सांगतो: एका माइकचा आवाज सहा स्पीकरमध्ये वाटत बसू नका. बोलणं मधल्या स्पीकरमधूनच यावं, मागून फक्त खोलीचा भास. ‘एका क्लिकमध्ये सराउंड’वाल्या युक्त्यांमध्ये बऱ्याचदा तोच आवाज १०-२० मिलिसेकंद उशिराने मागे टाकलेला असतो. होम थिएटरवर पाच मिनिटं बरं वाटतं. मोबाइलवर मात्र सहाचे दोन चॅनेल होतात, मूळ आवाज आणि उशिराची प्रत एकमेकांत मिसळून काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात आणि माणूस पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्‌झचा ठेवा. आधी सफाई: ८० हर्ट्‌झखालचं कापायचं, पंख्याची घरघर रीपरच्याच रीफर प्लगइनच्या सबट्रॅक्ट (वजा करण्याच्या) मोडने काढायची. घरघरीच्या नमुन्याला बोलणं सुरू होण्याआधीची एक-दोन सेकंदांची शांतता पुरते. ही पायरी गाळली तर तोच पंखा रिव्हर्बमधून (खोलीत आवाज घुमल्याचा इफेक्ट) मागेही फिरू लागतो. मग ६ चॅनेलचा एक बस ट्रॅक, म्हणजे इतर ट्रॅकचे आवाज जिथे एकत्र येतात तो. आवाजाच्या ट्रॅकचा मास्टर सेंड (शेवटच्या मास्टर ट्रॅककडे जाणारी वाट) बंद करून बसकडे सेंड द्यायचा, मोनो १ वरून थेट ३ वर. ३ म्हणजे मधला. सराउंड पॅनरची (आवाज स्पीकरांत वाटणाऱ्या प्लगइनची) इथे गरजच नाही.

मागच्या स्पीकरांसाठी दोन वेगळे रिव्हर्ब, एक चॅनेल ५ वर, एक ६ वर. दोन्हींची सेटिंग जरा निराळी हवी, नाहीतर मागे रुंदी येतच नाही. घुमण्याची वेळ साधारण एक सेकंद, प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीचा उशीर) २०-३० मिलिसेकंद, २०० हर्ट्‌झखालचं आणि ६ किलोहर्ट्‌झवरचं कापलेलं, ड्राय (मूळ आवाज) पूर्ण बंद. पातळी बोलण्यापेक्षा १८-२० डीबी खाली. म्यूट केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटलं म्हणजे जमलं. चालू असताना मागे लक्ष जात असेल तर जास्त झालंय. चॅनेल ४, म्हणजे सबवूफरचा एलएफई, बोलण्यासाठी रिकामाच बरा.

गडबड बहुतेक रेंडरच्या (अंतिम फाइल बनवण्याच्या) वेळी होते. मास्टर २ चॅनेलवर राहिला तर बोलणंच गायब, कारण ३ ला बाहेर पडायला वाटच नसते. रेंडर खिडकीतही चॅनेल ६ करावे लागतात. बोलणं उजव्या स्पीकरमधून आणि डावीकडच्या मागच्याचा रिव्हर्ब सबवूफरमध्ये, असं झालं तर फाइल सिनेमाच्या क्रमाने (डावा, मधला, उजवा...) बनली आहे. वेव्ह (.wav) फाइलचा क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई, मग मागचे दोन. प्रत्येक चॅनेलवर त्याचं नाव बोललेली आणि चौथ्यावर ६० हर्ट्‌झचा सूर असलेली छोटी चाचणी फाइल करून ठेवा, फार वेळ वाचतो.

२४ बिटच्या सहा चॅनेलला तासाला सुमारे ३.१ जीबी लागतात. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे ८२ मिनिटांच्या पुढे डब्ल्यू-६४ किंवा आरएफ-६४ हे मोठ्या फाइलींचे प्रकार निवडा. एसी-३ मात्र ४४८ केबीपीएसला तासाला जेमतेम २०० एमबी.

डायलनॉर्मकडे, म्हणजे बोलण्याची पातळी डिकोडरला (एसी-३ उलगडून वाजवणाऱ्याला) सांगणाऱ्या आकड्याकडे, कुणी बघत नाही. एफएफएमपेग ते -३१ वर सोडतो, म्हणजे डिकोडर आवाज अजिबात कमी करत नाही, आणि सिनेमानंतर आपली फाइल लावली की घर दणाणतं. ड्राय रन (फाइल न बनवता रेंडर) करून लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी सरासरी पातळी, -२४ एलयूएफएसला (हे तिचं एकक) आणा, डायलनॉर्मही -२४ द्या. हे जुळलं की रिमोट हातात धरून बसावं लागत नाही.

ऑप्टिकल केबलमधून पीसीएमचे (न दाबलेल्या आवाजाचे) दोनच चॅनेल जातात, त्यामुळे सहा चॅनेलची वेव्ह तिथे चालत नाही. एसी-३ जाते, पण टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल तर ते बदलून बिटस्ट्रीम (न उलगडता तसंच पुढे पाठवणं) करा. नुसती एसी-३ फाइल पेनड्राइव्हवरून उघडली नाही तर एक स्थिर चित्र जोडून एमकेव्ही व्हिडिओ बनवा.

व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोट आणि ८ किलोहर्ट्‌झची कॉल रेकॉर्डिंग यांच्यावर एवढी मेहनत घेऊ नये. कॉल रेकॉर्डिंगमध्ये ४ किलोहर्ट्‌झच्या वर काही नसतंच, रिव्हर्ब दिला की पत्र्यासारखं वाजतं. ती मधल्या चॅनेलवर कोरडीच ठेवा.