विक्री आणि मार्केटिंग : प्रमुख एक की दोन?

मशीन टूल्स (धातू कापणारी, घडवणारी यंत्रं) किंवा त्यांचं टूलिंग, म्हणजे त्यांना लागणारी कटिंग हत्यारं वगैरे, बनवणारी कंपनी थोडी वाढली की मालकापुढे हा प्रश्न येतोच. सेल्स आणि मार्केटिंग एकाच माणसाकडे द्यावं, की दोन वेगळे विभाग करावेत? मी दोन्ही प्रकारच्या कंपन्यांत काम केलंय, त्यामुळे दोन्हींची दुखणी जवळून पाहिली आहेत.

एकच प्रमुख असला की काम वेगाने होतं. एन्क्वायरी आली की फोन कोणी करायचा यावर वाद होत नाही, आणि तो फोन लवकर जाणं फार मोलाचं असतं. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत २०११ साली एक अभ्यास आला होता. ऑनलाइन चौकशीला तासाभरात प्रतिसाद देणाऱ्या कंपन्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, आणखी एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट निघाली. इंडियामार्ट या ऑनलाइन व्यापारी बाजारपेठेवर तर एकच चौकशी अनेक पुरवठादारांकडे जाते.

या रचनेचं खरं दुखणं मार्चमध्ये कळतं. जानेवारीत बंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन होतं आणि स्टॉलवरून व्हिजिटिंग कार्डांची थप्पी घेऊन आपण परततो. फेब्रुवारी उजाडला की प्रमुखाच्या डोळ्यांपुढे फक्त ३१ मार्चचं टार्गेट. मार्केटिंगची मुलं कोटेशनं बनवायला आणि डीलरांकडून पैसे वसूल करायला लागतात. ‘पुढच्या वर्षी नवी लाइन टाकतोय’ म्हणणाऱ्याचं कार्ड ड्रॉवरमध्येच राहतं. अशी एक ऑर्डर आमच्या हातून गेली, तेव्हा ग्राहक एवढंच म्हणाला, “त्यानंतर तुमच्याकडून कोणी आलंच नाही.” ते वाक्य मला अजून सलतं.

विभाग वेगळे केले की हे लांब पल्ल्याचं काम वाचतं. पण मग भांडण सुरू होतं. मार्केटिंग म्हणतं, एवढ्या लीड्स (संभाव्य ग्राहकांची नावं) दिल्या; सेल्स म्हणतं, सगळा कचरा. फिलिप कोटलर, नील रॅकहॅम आणि सुज कृष्णस्वामी या विक्री-मार्केटिंगच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये या भांडणाची दोन मुळं सांगितली होती : पैसा आणि स्वभाव. बजेट कोणाला किती, हे एक. आणि एकाची नजर पुढच्या वर्षांवर, दुसऱ्याची समोरच्या ग्राहकावर, हे दुसरं.

म्हणून वेगळे विभाग करायचे तर दोघांमध्ये लेखी करार हवाच. लीड कशाला म्हणायचं ते त्यात स्पष्ट लिहा : कोणता जॉब (बनवायचा भाग), कोणतं मशीन, निर्णय कोणाचा, खरेदी कधी. सेल्सने लीड परत केली तर कारण लिहायचं, आणि ‘कचरा’ हे कारण चालणार नाही. ठरल्या वेळेत फोन गेला नाही तर लीड मार्केटिंगकडे परत. मार्केटिंगचं अप्रेझल लीडच्या आकड्यावर नको, किती लीड्स कोटेशनपर्यंत पोचल्या यावर हवं. मार्केटिंगच्या माणसाने महिन्यातून एकदा तरी सेल्स इंजिनिअरबरोबर ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर जावं. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

एजन्सीला जाहिरात, वेबसाइट खुशाल द्या. पहिला फोन मात्र देऊ नका. ग्राहक कटिंग स्पीडसारखं तांत्रिक काही विचारतो, आणि एजन्सीचा माणूस तिथेच अडतो.

माझं मत असं : सेल्सला चार-पाच माणसं आणि मालक रोज त्यांच्यात बसत असेल, तर एकच प्रमुख ठेवा. फक्त मार्केटिंगच्या एका माणसाला फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रीच्या कामाला जुंपायचं नाही, हे मालकाने स्वतः पाळावं. विक्रीला सहा महिने ते वर्ष लागत असेल आणि डीलर परराज्यांत पसरले असतील, तर विभाग वेगळे करा, पण आधी करार लिहून. ठरत नसेल तर गेल्या प्रदर्शनातली कार्डं बाहेर काढा आणि त्यांतल्या किती जणांना दुसरा फोन गेला, ते मोजा.