बॅकसचे ६ मिमीवाले इंग्रज शिपाई, वापरून बघितले

मावसभाऊ इंग्लंडहून येताना काय आणू विचारत होता, म्हटलं चॉकलेटं नकोत, टेबलावर लढाया खेळायचे चिमुकले शिपाई आण, शेफील्डच्या बॅकस कंपनीची दोन पाकिटं, वॉटर्लूच्या लढाईतली ब्रिटिश इन्फंट्री, म्हणजे पायदळ. उघडल्यावर बायको म्हणाली, हे काय, मोहरी? आता ६ मिमी उंचीचा शिपाई म्हणजे साधारण १/३०० स्केल, त्यामुळे तिचंही बरोबरच आहे. धातूचे आहेत, चार-चार जण एका पट्टीवर जोडलेले, आणि एवढ्याशा चेहऱ्यावर नाकसुद्धा कळतं!

मी आधी २८ मिमीवाले रंगवायचो, एकेका शिपायावर एकेक संध्याकाळ, डोळ्यांतली बुबुळंबिबुळं सगळं, आणि तीन वर्षांत एक पलटण धड पुरी झाली नाही. इथे बुबुळं विसरा. पट्ट्या फेविकॉलच्या थेंबाने आइस्क्रीमच्या काड्यांवर चिकटवायच्या, काळा प्रायमर मारायचा, मग कोट लाल, पण खरा होता त्यापेक्षा भडक, अगदी जास्वंदीसारखा, कारण इतक्या लहान वस्तूवर रंग आपोआप काळपट दिसतो. छातीवर पट्ट्यांची पांढरी फुली, चेहऱ्याला एक ठिपका, बंदुकीला एक तपकिरी रेघ, आणि मधल्या फटींत काळं तसंच सोडायचं, तिथेच सगळी मजा आहे. आणि तीन शून्यवाला ब्रश घेऊ नका, त्याच्यावरचा रंग टोकावरच वाळतो, चांगल्या टोकाचा १ नंबर पुरतो.

बाह्यांच्या पट्टीचा रंग मात्र मी सोडला नाही, रेजिमेंट ओळखायची ती त्यावरूनच. वॉटर्लूला हॅल्केट या इंग्रज सेनानीच्या ब्रिगेडमध्ये ३०, ३३, ६९ आणि ७३ अशा चार रेजिमेंटी, त्यात ३०वीला फिका पिवळा, ७३वीला गडद हिरवा, आणि ३३वीला लालच, म्हणजे कामच नाही 😄 ही ३३वी म्हणजे वेल्स्ली जिच्यासोबत हिंदुस्थानात आला ती, १७९९ला श्रीरंगपट्टणला होती. पुढे १८०३ला आपल्या जालन्याकडे असईला शिंद्यांच्या फौजेशी लढला तोच हा वेल्स्ली, वॉटर्लूचा इंग्रज सेनापती वेलिंग्टन.

एक गाढवपणा माझा, भर जुलैत बाल्कनीत प्रायमरचा स्प्रे मारला, हवेत एवढा दमटपणा की पहिली पलटण पिठात घोळल्यासारखी खरखरीत झाली. धातूचे होते म्हणून वाचले, थिनरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले आणि परत पहिल्यापासून.

६०×३० मिमीच्या एका बेसवर, म्हणजे शिपाई चिकटवायच्या तळपट्टीवर, दोन रांगांत २४ जण बसतात आणि इंग्रज लढायचेही बहुतेक दोनच रांगांत, त्यामुळे टेबलावर ते लगेच इंग्रज वाटतात. हातात घेऊन बघाल तर नुसते ठिपके, तीन फुटांवरून बघाल तर अख्खी ब्रिगेड उभी. कपाटात एकच शिपाई मिरवायचा असेल तर याच्या नादी लागू नका, २८ मिमीच घ्या.

आता समोर फ्रेंच हवेत. भाऊ डिसेंबरात परत येतोय, त्याला अजून सांगितलं नाहीये.