चादरीचा काठ कशाने कापावा? लॅसो, पेन आणि आपोआप निवड यांचा तुलनात्मक आढावा

सोलापुरात फोटो दुरुस्तीचे काम करणाऱ्याच्या टेबलावर वर्षभर साधारण तीन प्रकारची चित्रे येतात: अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतून चादरी आणि टॉवेल, शालेय गणवेश शिवणाऱ्यांचे कॅटलॉग, आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर फ्लेक्ससाठी नंदीध्वजांचे, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, फोटो. तिन्ही गिऱ्हाइकांची मागणी एकच असते, ती म्हणजे मागचे बॅकग्राउंड काढून द्या. चित्रातला हवा तेवढाच भाग आखून घेणे म्हणजे निवड; चौकोनी किंवा गोल निवडीने हे काम होत नाही, कारण वस्तूचा आकार वेडावाकडा असतो. त्यामुळे या कामात नव्याने पडणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. कोणते टूल आधी शिकावे, आणि फोटोशॉपचे मासिक पैसे भरावेत की फुकट मिळणाऱ्या गिम्पवर भागवावे? माझ्या मते सॉफ्टवेअरचा निर्णय नंतरचा आहे. आधी वस्तूचा काठ नीट पाहावा, कारण टूल काठावरून ठरते.

साध्या लॅसोबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माउसचे बटण दाबून हाताने रेघ ओढत जायची आणि बटण सोडले की फोटोशॉप उरलेले अंतर सरळ रेषेने जोडून निवड बंद करते. माउस धरलेला हात थरथरतो, आणि ती थरथर काठावर स्पष्ट उमटते. म्हणून संपूर्ण वस्तू या टूलने कापण्याच्या फंदात पडू नये. मात्र दुसऱ्या टूलने केलेल्या निवडीत शिफ्ट दाबून राहिलेला तुकडा जोडणे आणि अल्ट दाबून जास्तीचा तुकडा वगळणे, या डागडुजीसाठी त्याच्याइतके चपळ टूल नाही.

पॉलिगोनल लॅसो, म्हणजे क्लिकगणिक सरळ रेषा जोडत जाणारा लॅसो, मात्र रोजच्या भाकरीचे टूल आहे. घडी घातलेली चादर लांबून चौकोनी दिसते. पण चित्र २०० टक्के मोठे करून पाहिले की घडीची बाजू थोडी फुगलेली, कोपरा गोलसर आणि शिवणीजवळ कापड किंचित आत ओढलेले दिसते. अशा बाजूवर जवळजवळ क्लिक करत गेल्यास छोट्या सरळ रेषांची मिळून वळणदार कड तयार होते आणि ती हाताच्या रेघेपेक्षा कितीतरी स्वच्छ असते. चुकीचा बिंदू बॅकस्पेसने मागे घेता येतो, स्पेसबार दाबून चित्र सरकवता येते, आणि मध्येच अल्ट धरून मोकळ्या हाताची रेघही ओढता येते. या टूलचा एक खोडसाळपणा म्हणजे डबल क्लिक. घाईत एकाच जागी दोनदा बोट पडले की निवड तिथेच सरळ रेषेने बंद होते. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या चादरीची पाऊण फेरी पूर्ण झाल्यावर माझ्याकडून हे घडले, आणि निवड अर्ध्या चादरीला आडवी छेदून मोकळी झाली. गिम्पमधील मुक्त निवडीचे टूल याबाबतीत अधिक समंजस आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. त्यात क्लिक केल्यास सरळ रेष आणि ओढल्यास मोकळी रेघ, अशी दोन्ही कामे एकाच टूलमध्ये होतात, आणि एंटर दाबेपर्यंत आधीचे बिंदू पकडून हलवताही येतात.

जाहिरातीत सर्वांत मोहक दिसणारे टूल म्हणजे मॅग्नेटिक लॅसो, आणि सोलापूरच्या मालावर सर्वाधिक फसणारेही तेच. १९९८च्या फोटोशॉप ५मध्ये ते आले. काठाजवळून माउस नेला की रेघ आपोआप काठाला चिकटते, असा त्याचा लौकिक आहे. प्रत्यक्षात त्या टूलला चादर म्हणजे काय हे माहीत नसते. माउसच्या आसपास ठरावीक रुंदीच्या पट्ट्यात रंगाचा सर्वांत ठळक फरक जिथे सापडेल, तिथे ते रेघ बसवते. पांढऱ्या कागदावर ठेवलेला एकरंगी मरून टॉवेल असेल तर काम झकास होते. परंतु जॅकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेल्या, चादरीच्या काठालगतच गडद पट्टा आणि त्यावर मोराची किंवा फुलांची नक्षी विणलेली असते. त्या नक्षीतील रंगांचा फरक चादरीच्या खऱ्या कडेपेक्षा ठळक असतो. त्यामुळे रेघ कड सोडून मोराच्या पिसाऱ्यामागे धावते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या गणवेशाच्या शर्टाची तऱ्हा उलटी. तिथे कडेला फरकच नसल्याने रेघ खिशाच्या सावलीला जाऊन चिकटते. यावर उपाय आहेत: टूल ज्या पट्ट्यात काठ शोधते त्याची रुंदी मुळात १० पिक्सेल असते ती ३ किंवा ४वर आणावी, कॅप्स लॉक दाबून त्या पट्ट्याचे वर्तुळ डोळ्यांसमोर ठेवावे, आणि अडचणीच्या जागी स्वतः क्लिक करून बिंदू ठोकावा. पण इतकी मशागत करेपर्यंत पॉलिगोनल लॅसोने ती चादर कापून झालेली असते. गिम्पमधील कात्रीचे टूल याच जातीचे आहे. त्यात आपण बिंदू देतो, दोन बिंदूंमधली वाट टूल शोधते आणि निवड पक्की करण्याआधी बिंदू सरकवता येतात, म्हणून चुका निस्तरणे थोडे सोपे जाते. नक्षीचा मोह मात्र त्यालाही सुटत नाही.

पेन टूल हे खरे तर निवडीचे टूल नाही. ते आधी पाथ, म्हणजे बिंदूंनी आखलेली रेषा, काढते आणि त्या पाथची निवड नंतर करता येते. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्ररेषा त्याच्या मुळाशी आहेत. गणवेशाची कॉलर, बाहीचा घेर, टॉवेलच्या गुंडाळीची गोलाई अशा लांब वळणांना इथे दोन-तीन बिंदू पुरतात, आणि कड सुरीने कापल्यासारखी येते. हात बसायला वेळ लागतो हे खरे. मला पंधरवडा लागला आणि त्यातले पहिले तीन दिवस चिडचिडीत गेले. पण पाथ फाइलमध्ये जपला जातो, अगदी फोटोशॉपने जतन केलेल्या जेपीईजीमध्येसुद्धा. साधी निवड मात्र स्वतंत्र चॅनल म्हणून, म्हणजे फाइलमध्येच निवडीची वेगळी नोंद म्हणून, साठवून ठेवली नाही, तर फाइल बंद होताच नाहीशी होते, आणि जेपीईजीमध्ये तसा चॅनल राहतच नाही. एका गिऱ्हाइकाने तीन आठवड्यांनी तेच चाळीस टॉवेल वेगळ्या पार्श्वभूमीवर मागितले, तेव्हा हा फरक मला रात्र जागून कळला.

आता आपोआप निवडीकडे वळू. फोटोशॉपमध्ये २००७ साली क्विक सिलेक्शन, २०१८च्या आरंभी सिलेक्ट सब्जेक्ट आणि २०१९च्या अखेरीस ऑब्जेक्ट सिलेक्शन आले, आणि गर्दीच्या कामात त्यांनी खूप वेळ वाचवला हे नाकारता येणार नाही. तरी यात्रेच्या फोटोंवर त्यांची परीक्षा होते. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त, वर उजळ आकाश आणि त्यात उंच गेलेली सजवलेली काठी. माझ्याकडच्या अशा एका फोटोत टूलने माणसे अचूक उचलली आणि नंदीध्वज निम्म्यावरून तोडला. मानकऱ्याच्या हातात नुसता दांडका ठेवून फ्लेक्स छापला असता, तर काय ऐकून घ्यावे लागले असते ते सोलापूरकराला सांगायला नको. अशा वेळी आपोआप झालेली निवड कच्चा माल समजावी आणि काठीचा भाग शिफ्ट धरून पॉलिगोनल लॅसोने जोडावा. गिम्पमध्ये अग्रभाग निवडण्याचे टूल आहे. ते मोठ्या फाइलवर संथ चालते आणि त्याला हाताने खुणा करून द्याव्या लागतात.

चादरीच्या दशा, म्हणजे काठाला सोडलेली मोकळी सुते, आणि टॉवेलच्या पृष्ठभागावर उभी राहिलेली सुते यांच्यासाठी वरीलपैकी कोणताही लॅसो वापरू नये. दशा लॅसोने कापल्या की चादर ब्लेडने छाटल्यासारखी दिसते. तिथे चादरीचा घट्ट भाग पेनने घ्यावा आणि दशांपुरता फोटोशॉपच्या सिलेक्ट अँड मास्क या खिडकीतील कड सुधारण्याचा ब्रश फिरवावा. बाकी कडांना अर्धा ते एक पिक्सेल फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, पुरे. दोनच्या पुढे गेल्यास वस्तूभोवती धुरकट वलय येते.

रोज कॅटलॉगचे काम असेल, तर फोटोशॉप घ्यावे आणि पहिल्याच महिन्यात पेनवर हात बसवावा. महिन्याला दहा-बारा फोटो असतील, तर गिम्पची मुक्त निवड आणि त्यातले पाथ पुरेसे आहेत. पैसे भरण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या संगणकावर बसून तातडीने काही करायचे झाल्यास ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही लॅसोचे तिन्ही प्रकार मिळतात. फोटो आपणच काढणार असाल, तर पांढऱ्या गणवेशाखाली मध्यम राखाडी कागद अंथरावा. निळा अंथरल्यास कड उठून दिसते खरी, पण पांढऱ्या कापडाच्या कडेवर निळसर झाक उतरते आणि ती घालवण्यात कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो.