निवासी डॉक्टरांसाठी प्रश्नलेखनाचे जोडकाम: सहा महिन्यांचा अनुभव
निवासी डॉक्टरांकडून परीक्षेच्या तयारीसाठी बहुपर्यायी प्रश्न लिहून घेणाऱ्या एका ऑनलाइन सेवेसाठी मी सहा महिने काम केले. जादा रात्रपाळ्या घेण्यापेक्षा हे जोडकाम मला अधिक पटले, कारण ते सुट्टीच्या दिवशी, झोप पूर्ण झाल्यावर करता येते.

सर्वांत मोलाचे आहे ते येथील संपादन. रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढून 7.2 मिलिमोल प्रति लिटर झालेल्या आणि ईसीजीमध्ये त्याचीच खूण म्हणून उंच, टोकदार टी लहरी असलेल्या रुग्णाला प्रथम काय द्यावे, हा माझा प्रश्न परत आला. ‘कॅल्शियम ग्लुकोनेट’ हे उत्तर बरोबर होते, परंतु त्यापुढे मी कारणही जोडल्यामुळे तो पर्याय इतरांपेक्षा लांब झाला होता आणि न वाचताच उत्तर उघडे पडत होते. अशा वेळी दिले जाणारे इन्सुलिन पोटॅशियमला पेशींमध्ये ढकलते, कॅल्शियम मात्र त्याची पातळी न बदलता हृदयाला सांभाळते, हा भेद स्पष्टीकरणात मांडताना माझाही पाया पक्का झाला.

मोबदला प्रश्न मंजूर झाल्यावरच मिळतो. माझे दोन महिन्यांचे पैसे रखडले, वारंवार ईमेल पाठवावे लागले, आणि कष्टाच्या पैशांसाठी असे तिष्ठत ठेवणे मला मुळीच मान्य नाही. विभागप्रमुखांची लेखी परवानगी मात्र काम स्वीकारण्यापूर्वीच घ्यावी.